वजनकाट्याशी बोलणारा भासरा

काल मी मूळव्याधीचं मलम आणायला औषधांच्या दुकानात गेलो आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी आलो. झालं इतकंच, की माझी पाळी आली तेव्हा मागे आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, "बोला काका." मी तोंड उघडलं आणि मलमाचं नाव ओठांपर्यंत येऊन परत फिरलं. आता उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करायला हवं, म्हणून मी उगाचच खोकलो. दुकानदार हुशार. त्यानं लगेच गोळ्या पुढे केल्या. बाई म्हणाल्या, "सांभाळा जी, हवा बदलून राहिली." मी एक गोळी त्यांच्यासमोरच तोंडात टाकली आणि मोटारसायकलवर तिरपा बसून घरी आलो.

कुंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुडी उघडून पाहिली, मग मला पाहिलं. चपला घालून ती गेली आणि मलम घेऊन आली. भर दुकानात नाव घेऊन मागितलं असणार. तिला त्याचं काही वाटत नाही. तिच्या वाटणीचंही मलाच वाटतं.

हवा बदलते आहे, हे मात्र बाई खरं बोलल्या. कारध्याच्या आमच्या गच्चीवर सकाळी उभं राहिलं की वैनगंगेवरून गार वारा येतो आणि त्याच्या पाठोपाठ धानाचा वास. ओल्या मातीच्या वासावर लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. सुकत चाललेल्या मातीच्या वाट्याला कोणी जात नाही. बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी आटलेलं असतं, पायाखाली चिखलाची खपली झालेली असते, धान कापल्यावर उरलेले खुंट उन्हात तापायला लागतात, आणि त्या सगळ्याचा मिळून एक गोडसर, थोडा कुजका, थोडा भाजका वास येतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीला फुलं धरलेली असतात. माणसं बोलता बोलता मध्येच आभाळाकडे बघतात, कारण कापलेला धान बांधीत पसरलेला असतो आणि आभाळाचा भरवसा नसतो. हा वास आला की आमच्याकडे कोणाला नवा तांदूळ आठवतो, कोणाला मंडई आठवते. मला एक वजनकाटा आठवतो.

त्याचं असं आहे. आमच्या अख्ख्या कुळात इंग्रजी मला येतं, असा एक समज आहे. तो मीच पसरवला. वरठीला एका कारखान्याच्या ऑफिसात मी कागदपत्रं सांभाळतो. तिथलं माझं इंग्रजी 'आपल्या पत्राच्या संदर्भात' इथे सुरू होतं आणि 'आपला विश्वासू' इथे संपतं. मधला मजकूर साहेब सांगतात. पण नात्यातल्या कोणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं निघालं की फोन मला येतो. मीही तयारच असतो. डॉक्टरांशी दोन वाक्यं इंग्रजीत बोललो की त्याची गोष्ट मला पुढची चार लग्नं पुरते. आत्याच्या मोतीबिंदूची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता आत्याच मध्येमध्ये हुंकार देते आणि विसरलेलं आठवून देते.

काही वर्षांपूर्वी, असाच कापणीच्या दिवसांत, फोन आला तो सुधाकरचा. सुधाकर माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच लहान, लाखांदूरकडे दिघोरीला असतो. धानाची शेती, घरी आई, म्हणजे माझी काकू. बायको शालू आणि त्यांची तेव्हा वर्षा-दीड वर्षाची पोरगी मुनी. सुधाकर कमी बोलणारा माणूस. बैलाला 'हो' म्हणायचं तरी आधी विचार करेल. त्यानं इतकंच सांगितलं, "दादा, शालूले नागपूरले न्या लागते. कापणीवाले उद्याच येऊन राहिले. तू जाशीन का?"

शालूचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेला. कसला ताप, ते कोणी विचारलं नाही. आमच्यात विचारायची रीत नाही. पुढे सुधाकरनं पाट लावून तिला घरी आणलं. मुनीच्या वेळेस गरोदरपणाच्या तपासणीत कळलं, की शालूच्या रक्तात एचआयव्ही आहे. सुधाकरच्या नाही. तिच्या गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या आणि देवाच्या आणि गोळ्यांच्या दयेनं मुनीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. ही गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. घरातल्यांना होती, पण घरातही तिला नाव नव्हतं. 'ते' म्हणायचे. "ते दाखवाले जायचं आहे," "त्याची गोळी घेतली का?" एखाद्या कडक पाहुण्याचा उल्लेख करावा तसं. समुपदेशक बाईंनी सुरुवातीला दोघांना बसवून निरोधाचं वगैरे समजावलं होतं म्हणतात. पण भीतीला एवढ्यानं भागलं नाही. शालूनं स्वतःचं ताट वेगळं केलं, लोटा वेगळा केला आणि मुनीला घेऊन सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, बाजूच्या खोलीत झोपायला लागली.

आता मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. शहरातल्या वाचकांना याचं वजन कळायचं नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्या समोर खाटेवर बसायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मध्ये कोणीतरी घ्यायचं. मी दिघोरीला गेलो की मांडीवरच्या मुनीला सांगायचो, "मुनी, तुह्या मायले म्हण, चहात साखर कमी टाक." मुनीला धड बोलता येत नव्हतं. पण चहा बरोबर कमी साखरेचा यायचा. आतून आवाज यायचा, "मुनी, विचार, पोहे खाता का म्हणा." या रीतीत एक सोय आहे, ती मी नाकारत नाही. भांडण होत नाही. दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या बाजूनं निघून जातात, अंगाला अंग न लागता, धुऱ्यावरून जाणाऱ्या दोन बैलगाड्यांसारखी. फक्त एक गाडी चिखलात फसली, तर दुसरीला ते कळत नाही.

दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. कुंदा, मी, शालू आणि मुनी. मुनीनं आत जायच्या वेळेलाच भोकाड पसरलं, म्हणून कुंदा तिला घेऊन बाहेर थांबली, आणि आमची मधली दूत अशी दाराबाहेर राहिली. आत मी, शालू आणि डॉक्टरीणबाई. त्या केरळकडच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. हिंदी 'बैठो' आणि 'खाना खाया?' एवढीच. मराठीत समजावणाऱ्या समुपदेशक बाई नेमक्या रजेवर. म्हणजे जे काही बोलणं व्हायचं, ते माझ्यातून जाणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिलंच इंग्रजीत विचारलं, "यांना विचारा, तुमच्यासमोर बोललं तर चालेल ना?"

मी शालूला न विचारता म्हणालो, "नो प्रॉब्लेम, मॅडम." प्रॉब्लेम माझा नव्हताच, नो म्हणायला मला काय लागणार होतं?

कोपऱ्यात एक वजनकाटा होता, वर उभं राहायचा, गोल तबकडीचा. शालूकडे बघायचं नाही आणि डॉक्टरीणबाईंकडे बघून झाडीबोली बोलायची नाही, तर बघायचं कुठे? मी वजनकाट्याकडे बघायला लागलो. "गोळी रोज त्याच वेळेवर घ्यायची, असं म्हणतात," मी वजनकाट्याला सांगितलं. शालू पदराआडून वजनकाट्याला "हो" म्हणाली. "ताटवाटी वेगळी ठेवायची काही गरज नाही. जेवल्यानं, शिवल्यानं, पोरीचा मुका घेतल्यानं काही होत नाही." वजनकाटा ऐकत होता. डॉक्टरीणबाईंनी एकदा वाकून त्या काट्याकडे नीट पाहिलं, काही बिघडलं आहे की काय म्हणून.

आणि सांगायला हरकत नाही, मी छान सांगत होतो. त्या म्हणाल्या, हिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, आता अंडिटेक्टेबल आहे. हा शब्द काही साधा नाही. 'सापडत नाही' म्हटलं तर माणूस म्हणणार, गेला, सुटलो, गोळ्या फेका. मला लव्हाळा आठवला. मी म्हणालो, "बांधीतला लव्हाळा निंदून काढला तं वरून दिसते का? नाही दिसत. पण गाठ मातीत असते. निंदणं सोडलं का पुन्हा वर येते. तसंच आहे हे. आता रक्तात शोधला तरी दिसत नाही इतका कमी झाला. पण गोळी सोडली का पुन्हा येईन." शालूची मान पदराआड अशी हलली, की समजलं. माझं मलाच कौतुक वाटलं. डॉक्टरीणबाईंनाही सांगून टाकलं, "आय सेड, लाइक ग्रास, मॅडम." त्या म्हणाल्या, "ग्रास?"

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, शालूकडे बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलल्या. त्या म्हणाल्या: हे नीट सांगा. तपासणी अशीच राहिली आणि गोळ्या चुकल्या नाहीत, तर नवरा-बायकोच्या संबंधातून हिच्याकडून नवऱ्याला लागण होत नाही. यांनी भीतीनं वेगळं राहू नये. पुढे दुसरं मूल हवं असेल तर तेही होऊ शकतं. फक्त आधी आमच्याशी बोला.

मला त्यातला शब्दन् शब्द समजला. इतकं चांगलं इंग्रजी मला त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही आलेलं नाही. मी वजनकाट्याकडे वळलो. काटा शून्यावर होता. मी म्हणालो, "अन् बाकी सारं बरं आहे म्हणतात. काळजी घ्यायची."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दॅट्स ऑल?"

मी म्हणालो, "अवर लँग्वेज इज शॉर्ट, मॅडम."

शालूनं तेवढ्यात मान वर केली होती. पदर थोडा सरकला, आणि काहीतरी विचारायचं असल्यासारखी तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग तिला मी दिसलो असणार. मान खाली गेली.

डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य मी नंतर पुष्कळदा मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं आहे. गाडी चालवताना, ऑफिसात शिक्के मारताना. आमची भाषा तोकडी आहे हे मी बाईंना खोटं सांगितलं, आणि तरी ते सगळंच खोटं नव्हतं. धानासाठी आमच्याकडे शब्दांना तोटा नाही. परह्यापासून तणसापर्यंत, म्हणजे रोपापासून पेंढ्यापर्यंत, हलका, भारी, आडवा पडलेला, उभ्यानं वाळलेला, दर अवस्थेला नाव आहे. पण नवरा-बायकोच्या मधल्या गोष्टीला घरात उच्चारता येईल असा एक शब्द मला सापडत नाही. एक आहे तो शिवीतला. दुसरा आहे तो पुस्तकातला, इतका कोरडा, की उच्चारला तर खोलीतल्या माणसांना वाटावं आपण कोणाच्या पोस्टमॉर्टेमबद्दल बोलतोय. या दोन शब्दांच्या मध्ये आमची सगळी लग्नं, सगळी पोरंबाळं, सगळे संसार झाले, एकही शब्द न वापरता. माझ्या वडिलांनी मला या विषयावर एकच उपदेश केला. लग्नाच्या आदल्या दिवशी पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं." त्यावर मी गाडी इथवर आणली आहे.

पण शब्द नव्हता ही सबब झाली. एखादा फिरवून, आडून सांगू शकतो. लव्हाळा नव्हता का मी शोधला? लव्हाळा शोधताना माझी हुशारी दिसत होती. पुढच्या वाक्यात माझी लाज दिसणार होती.

आमच्याकडे तलावाचं पाणी नालीनं येतं, एकाच्या बांधीवरून दुसऱ्याच्या बांधीला. वरचा शेतकरी कधी कधी रात्री उठून नाली फोडतो, पाणी स्वतःकडे वळवतो, आणि खालचा सकाळी कोरड्या नालीत उभा राहून तलावाला दोष देतो. या पाण्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. मी त्या दिवशी नाली फोडली. डोकं फुटलं नाही, कारण खालच्या माणसाला पाणी सुटलं होतं हेच ठाऊक नव्हतं.

सुधाकरला तरी सांगायचं? सांगणारच होतो. पण दिघोरीला पोचलो तर तो कापणीवाल्यांमध्ये होता. म्हटलं, एकटा सापडला की सांगू. तो एकटा सापडला नाही, आणि पुढे जेव्हा तो सापडला तेव्हा मी सापडलो नाही. परतीच्या वाटेवर कुंदानं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?" मी तिला लव्हाळ्याची गोष्ट सांगितली. खुलवून सांगितली. "ग्रास?" ला ती हसली पण.

दिवाळी झाली आणि दिघोरीची मंडई आली. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीचा खेळ, जिलेबी, पाळणे, नातेवाइकांनी भरलेली घरं. पोरीबाळी बघून ठेवायची, पुढच्या लग्नांची बोलणी सुरू करायची ती इथेच. भारी धान कापून त्याचे पुंजणे, म्हणजे गंजी, लागलेले असतात आणि माणसांच्या अंगात एक सैलपणा आलेला असतो. मी काकूच्या ओसरीवर पाहुण्यांना आत्याच्या मोतीबिंदूची गोष्ट सांगत होतो. डॉक्टर इंग्रजीत बोलतो आणि मी त्याला गप्प करतो, त्या जागेवर मी आलो होतो. ऐकणाऱ्यांच्या मागे कुंदा येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी मोतीबिंदू तिथंच सोडला.

ती मला तणसाच्या ढिगामागे घेऊन गेली.

"डॉक्टरीण जे बोलली, ते सारं तुमी शालूले सांगतलं होतं का?"

"सांगितलं ना. लव्हाळा—"

"लव्हाळा ठेवा बाजूले. शालू जाऊन राहिली."

"कुठे?"

"माहेरी. मंडईचे पाहुणे गेले का जाते. मुनीले इथंच ठेवून. काकूले तिनंच म्हटलं म्हणते, सुधाकरले दुसरी पाहा. काकू आत रडून राहिली, अन् कोणाच्या पोरी आल्या मंडईले तेबी विचारून राहिली. गावाले सांगतीन, नांदली नाही म्हणून."

मी म्हणालो, "पण काहून?"

"मीबी तेच विचारलं. म्हणे, आज ना उद्या माह्यामुळं त्यायले होईन. पोरीले माय नसली तं चालन, बापबी नसला तं काय करन? मी म्हटलं, अवं, डॉक्टरणीले विचाराचं होतं ना! तं म्हणे, तोंडावर आलं होतं, पण मोठे भाऊजी बसले होते. अन् डॉक्टरीण स्वतःहून काही बोलली नाही, म्हणजे तसंच असन." कुंदानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "खरंच काही बोलली नाही का जी ती?"

मंडईचा भोंगा वाजत होता. पाळण्यातली पोरं ओरडत होती. मी तणसाची एक काडी उपसली आणि तिच्याकडे बघत डॉक्टरीणबाईंचं वाक्य कुंदाला सांगितलं. कुंदानं ते ऐकलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. ती म्हणाली, "बाप्पा," आणि तिथंच खाली बसली.

माझ्या सांगण्यानं काय झालं होतं, ते मला मग एकेक दिसायला लागलं. वजनकाट्याला मी जेवढं सांगितलं होतं, तेवढं शालूनं अक्षरशः पाळलं होतं. ताट परत सगळ्यांच्या ताटांत आलं होतं. लोटा एक झाला होता. पोरीला शिवलं तर चालतं, हे तिला कळलं होतं, आणि कळल्यावर तिनं मुनीला काकूजवळ झोपवायला सुरुवात केली होती. आपण गेल्यावर पोरीला जड जाऊ नये म्हणून. मी जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं आणि त्या घरातलं ताट एक झालं. मी जे गिळलं, त्यानं अंथरुणं दोन राहिली, आणि त्या दोनाची आता दोन घरं होत होती.

मी कुंदाला म्हणालो, "तू सांग तिला. तुम्ही बायाबाया—"

"मी नाही सांगत."

"मग फोनवर सुधाकरला—"

"तो तिथं पुंजण्यापाशी आहे. फोन कायले लागते? अन् मी सांगतलं तं ती म्हणन, कुंदाताई मन राखाले बोलते. डॉक्टरीण बोलली तवा आत कोण होतं? तुमी होते. तुमीच सांगा. दोघायले संग बसवून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धान चुरायचं, म्हणजे मळणीचं, मशीन आलं होतं. चालक चहाला गेला तेवढ्यात खळ्यावर शांतता झाली. सुधाकर पोत्यावर बसला होता. शालू वाकून सांडलेले दाणे झाडत होती; मला पाहून तिनं पदर पुढे ओढला आणि कडेला झाली. कुंदा मुनीला कडेवर घेऊन थोडी लांब उभी राहिली, कोणी आलं तर थोपवायला. आणि मी पळालो तर मलाही.

मी तणसाच्या ढिगाकडे तोंड केलं. "त्या दिवशी," मी म्हणालो, "नागपूरच्या डॉक्टरीण एक गोष्ट बोलल्या होत्या. ती म्हणजे अशी..."

मागून आवाज आला, "भाऊजी, तणसाले कायले सांगता? मी इकडं आहो."

लग्नानंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी वळलो. पदर डोक्यावरच होता, पण चेहरा माझ्याकडे होता. तिच्या हनुवटीवर गोंदण आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. कान इतके तापले होते की स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. म्हणालो, गोळी रोज घेतली अन् तपासणी अशीच राहिली, तं तुमी दोघं एका अंथरुणात झोपले तरी, नवरा-बायको म्हणून राहिले तरी सुधाकरले हे होत नाही. मध्ये अडकलो, तेव्हा तो पुस्तकातला शब्दही वापरला. पोस्टमॉर्टेमसारखा वाटला तर वाटो. म्हणालो, दुसरं लेकरू पाहिजे असन तं तेबी होऊ शकते, आधी डॉक्टरले विचारून. भीतीनं दूर राहू नका, असं त्यायनं मुद्दाम सांगतलं होतं.

सुधाकर पोत्यावरून उठला. "खरं का दादा?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मले वाटलं, डॉक्टरनंच हिले दूर राहा म्हटलं. म्हणून मी काही विचारलं नाही." त्याच्या हातात धानाची ओंजळ होती, ती त्यानं कुठे ठेवावी हे न कळल्यासारखी परत राशीत सोडली.

शालू मात्र माझ्याकडेच बघत होती. "हे डॉक्टरीण तवाच बोलली होती?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"मंग तुमी काहून नाही सांगतलं?"

इतक्या लग्नांत इतक्या गोष्टी सांगितल्या मी. त्या क्षणी मला एकही आली नाही. मी म्हणालो, "लाज वाटली."

तिनं हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "विचाराची मलेबी लाजच वाटली, भाऊजी. तुमाले एकट्यालेच कायले बोलू? पण माह्यी पोरगी आता माह्यापाशी झोपत नाही. मीच सवय मोडली तिची." आणि ती मुनीकडे गेली, हात पुढे केले. मुनीनं कुंदाच्या मानेत तोंड लपवलं. शालूनं हात मागे घेतले नाहीत. तशीच उभी राहिली, हात पसरून. मशीनवाला चहा पिऊन परत आला तरी.

शालू माहेरी गेली नाही. काकूनं आधी विश्वास ठेवला नाही. पुढच्या खेपेला ती स्वतः नागपूरला गेली आणि रजेवरून आलेल्या समुपदेशक बाईंकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. मुनीला आईजवळ परत झोपायला पुष्कळ दिवस लागले. आता ती शाळेत जाते आणि आईला सोडून कुठे राहत नाही. सांदवाडीच्या खोलीत आता लाखोळीच्या डाळीची पोती असतात. मी कधी शालूबरोबर दवाखान्यात गेलोच, तर आत जायच्या आधी ती दारातून मला थेट म्हणते, "भाऊजी, तुमी बाहेर चहा घ्या." मी घेतो. कमी साखरेचा. बाहेरच्या बाकावर बसून विचार करतो, की लाज ही आपण फार चांगली गोष्ट म्हणून सांभाळली. लेकी-सुनांना दागिन्यासारखी घातली. मला कोणी सांगितलं नव्हतं, की ती दुसऱ्याच्या ताटातलं खाते.

खळ्यावर सांगितलं त्या संध्याकाळी आम्ही दिघोरीहून निघालो तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुंजणे, मध्येच एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं, तिच्यात आभाळ. मोटारसायकलवर माझ्या मागे कुंदा बसली होती. मला वाटलं, आता हिचं मन हलकं झालं असेल. खरं सांगायचं तर मी थोडी शाबासकीचीही वाट बघत होतो. शेवटी मी सांगितलं तर होतंच. खूप पुढे आल्यावर ती माझ्या खांद्याशी वाकली.

"अजी," ती म्हणाली, "माह्यं गर्भाशय काढलं, तवा डॉक्टर तुमाले बाजूले घेऊन लय वेळ बोलत होता इंग्रजीत. तुमी येऊन मले म्हटलं होतं, सारं बरं आहे, काळजी घ्यायची. काय म्हणाला होता तो? गाडी सावकाश घ्या, अन् सांगा."